मेंढवाडा, गोठा आणि श्रद्धेचा धडा

बायबल ज्या लोकांत घडले ते जनावरांच्या जिवावर जगणारे लोक होते. यहूदियाच्या उघड्या डोंगरांवर शेळ्या-मेंढ्या, सखल जमिनीत बैलांची शेती, ओझ्याला गाढव, आणि हे सगळे बहुतेकदा माणसांच्याच छपराखाली. प्राचीन इस्राएलातल्या खेड्यांच्या उत्खननात सापडलेल्या घरांत तळाच्या भागात जनावरे बांधण्याची सोय दिसते. पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्यांची घरे अगदी अलीकडच्या काळापर्यंत अशीच होती: एकाच खोलीत कमरेएवढ्या उंचीवर कुटुंबाचा ओटा, खाली जनावरे, आणि ओट्याच्या कडेला कोरलेली गव्हाण. तान्ह्या येशूला गव्हाणीत ठेवल्याचे लूक सांगतो, तेव्हा त्या काळच्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादे ओळखीचे घर आले असेल.

अशा लोकांना देवाविषयी काही सांगायचे तर दाखला लांबून आणावा लागत नसे. म्हणूनच बायबलमधली शिकवण पदोपदी मेंढरू, बैल, गाढव, कोंबडी आणि चिमणीपाशी येऊन थांबते. पण तिथे जनावर उपमा होऊन येण्याआधी जबाबदारी होऊन येते. आधी त्याला पाणी पाजायचे, खड्ड्यातून काढायचे, सातव्या दिवशी विसावा द्यायचा; त्यातून काय शिकायचे ते नंतर. पुढे ख्रिस्ती इतिहासात हा क्रम काही वेळा उलटा झाला आणि तेव्हा शिकवणही बरीच भरकटली.

मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमशास्त्रात ही जबाबदारी बारकाईने लिहिलेली आहे. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची आज्ञा घरधन्याला, त्याच्या मुलाबाळांना, दासदासींना आणि त्याच्या गुराढोरांनाही लागू होते. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर सातव्या दिवशी काम बंद ठेवण्याचे कारण देताना बैल आणि गाढवाच्या विश्रांतीचा उल्लेख आधी येतो आणि दासीच्या मुलाचा व परक्याचा नंतर. घरट्यात पिल्लांवर किंवा अंड्यांवर बसलेली पक्षीण सापडली तर आई आणि पिल्ले दोन्ही उचलू नयेत, आईला सोडून द्यावे. गाय किंवा मेंढी आणि तिचे पिल्लू यांना एकाच दिवशी कापू नये. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नयेत. दोघांची ताकद आणि चाल वेगळी असल्याने अशा जोडीत दोघांचेही हाल होतात, हे ज्याने औत धरले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

याच नियमांत शत्रूच्या गाढवाचा एक प्रसंग आहे. ज्याच्याशी वैर आहे अशा माणसाचे गाढव ओझ्याखाली वाटेत बसले आहे. पाहणाऱ्याच्या मनात काय येईल हे नियम करणाऱ्याला ठाऊक आहे: बरी खोड मोडली, आपले काय जाते, पुढे चालावे. नियम म्हणतो की तसे जायचे नाही, त्याच्याबरोबर हात लावून ओझे सोडवायचे. गाढव एकट्याने उठवता येत नाही. एकाला ओझे धरावे लागते, दुसऱ्याला दोर सोडावा लागतो. म्हणजे जनावराची सुटका करता करता दोन वैऱ्यांना काही वेळ खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते. शत्रूवर प्रेम करा असे येशूने पुढे सांगितले. त्या कठीण शिकवणीची सोपी तालीम या नियमात आधीच होती, असे म्हणायला जागा आहे.

मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हा ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम मराठी शेतकऱ्याला सर्वांत जवळचा वाटेल. खळ्यात तिवड्याभोवती पात फिरते, पायाखाली धान्य असते आणि बैलाचे तोंड बांधलेले असते, ही व्यवस्था महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या चालली. नियमशास्त्राच्या मते राबणाऱ्याला राबता राबता दोन घास खाण्याचा हक्क आहे. हाच नियम पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घेतला आणि सुवार्तेसाठी राबणाऱ्यालाही त्याच कामावर पोट भरण्याचा अधिकार आहे, असा अर्थ काढला. तो काढताना मात्र देवाला बैलांची काय फिकीर, अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला. पौल मुळात शहरी माणूस, तंबू शिवून पोट भरणारा. त्याचा रोख प्रचारकांच्या पोटापाण्याकडे होता हे खरे असले, तरी या एका प्रश्नाने पुढच्या अनेक शतकांना बैलाकडे पाठ फिरवण्याचे निमित्त दिले.

येशू गालील प्रांतातल्या खेड्यात वाढलेला. त्याचे बोलणे गोठ्याच्या आसपासचे आहे. शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्याला बरे केले म्हणून परूशी आणि सभास्थानाचा अधिकारी रागावले, तेव्हा त्याने शास्त्रातली वचने काढली नाहीत. तुमच्यापैकी कोण शब्बाथाला आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेत नाही, आणि बैल विहिरीत पडला तर कोण लगेच काढत नाही, एवढेच विचारले. समोरच्यांना उत्तर देता आले नाही, कारण त्या सकाळी त्यांतल्या अनेकांनी दावे सोडलेलेच असणार. वाद धर्मशास्त्राचा होता आणि तो दाव्याच्या गाठीवर निकालात निघाला.

चिमण्यांचा दाखलाही असाच बाजारातला. गरिबांच्या खाण्यासाठी चिमण्या विकल्या जात. मत्तयात भाव आहे दोन चिमण्यांना एक अस्सारियन, लूकात पाच चिमण्यांना दोन. अस्सारियन म्हणजे तांब्याचे छोटे नाणे, मजुराच्या दिवसभराच्या रोजाचा सोळावा हिस्सा. दोन्ही भाव शेजारी ठेवले की हिशेब दिसतो: चार घेतल्या की पाचवी फुकट. जिला बाजारात काहीच किंमत नाही अशा त्या वरच्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू छळाच्या भीतीने धास्तावलेल्या शिष्यांना सांगतो. हा दिलासा गोड नाही हेही लक्षात घ्यायला हवे. चिमणी पडणार नाही असे तो म्हणत नाही. पडेल, पण पित्याच्या नकळत नाही, एवढेच म्हणतो.

यरुशलेमवरच्या त्याच्या शोकात कोंबडी येते. पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणारी, आणि पिल्ले येत नाहीत म्हणून व्याकूळ झालेली. लूकाच्या तेराव्या अध्यायात याच्या जरा आधी हेरोद राजाला तो कोल्हा म्हणतो. कोल्हा आणि कोंबडी एकाच प्रसंगात आणणाऱ्याने स्वतःसाठी कोंबडीची जागा निवडली, याकडे वाचणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही.

घरातल्या कुत्र्यांचा एक संवाद तर येशूलाच निरुत्तर करणारा आहे. इस्राएलाबाहेरची एक बाई आजारी मुलीसाठी विनवायला येते. मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणे बरे नव्हे, असे तो म्हणतो. बाई मागे हटत नाही. मुले जेवताना मेजाखाली काय चालते हे तिने रोज पाहिलेले. सांडलेले तुकडे कुत्र्यांना मिळतातच, असे ती उलट सांगते. या उत्तरावरच तिचे काम होते. बायबलमध्ये कुत्र्याला एरवी मान नाही, तो गावभर उकिरडे फुंकत फिरणारा आहे. घरातल्या कुत्र्याकडे पाहून शहाणपण सांगण्याचा मान मिळाला तो या परक्या बाईला.

सर्वांत खोल रुजलेला दाखला मेंढरांचा. राजा होण्याआधी दावीद मेंढपाळ होता आणि कळपावर आलेल्या सिंह-अस्वलांशी झुंजल्याचे सांगत होता. तेविसावे स्तोत्र त्याच्याच नावावर आहे. मेंढपाळ काय करतो याची यादीच त्यात मिळते: हिरवळीवर नेतो, संथ पाण्यापाशी नेतो, काळोख्या दरीत सोबत असतो, हातात काठी आणि आकडी बाळगतो. काठी श्वापदांसाठी, आकडी घसरलेले मेंढरू वर ओढायला. यहेज्केल संदेष्ट्याने उलट बाजू दाखवली. दूध पितात, लोकर पांघरतात, धष्टपुष्ट मेंढरू कापून खातात, पण लंगड्याला पट्टी बांधत नाहीत, अशा मेंढपाळांवर, म्हणजेच राज्यकर्त्यांवर, त्याने एक अख्खा अध्याय आसूड ओढला. आणि दावीद स्वतः राजा झाल्यावर, दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला रणात मारवल्यावर, नाथान संदेष्ट्याने त्याला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. ती मेंढी धन्याच्या ताटात खायची, त्याच्या पेल्यात प्यायची, कुशीत निजायची. श्रीमंत शेजाऱ्याने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला आणि त्या माणसाला मरणाची शिक्षा सांगून मोकळा झाला. तो माणूस तूच, असे नाथानाने सांगेपर्यंत त्याला कळले नाही. पूर्वीच्या मेंढपाळाची नस नाथानाला बरोबर सापडली होती.

योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो, आणि तो अध्याय त्या भागातल्या मेंढपाळीची रीत माहीत असल्याशिवाय नीट कळत नाही. रात्री अनेकांचे कळप एकाच मेंढवाड्यात कोंडायचे, दाराशी एक राखणदार. सकाळी प्रत्येक मेंढपाळ येऊन आपली हाक देतो आणि त्या हाकेवर त्याचीच मेंढरे बाहेर पडतात. मग तो पुढे चालतो आणि कळप मागे. एच. व्ही. मॉर्टन या इंग्रज प्रवासी लेखकाने १९३४च्या आपल्या पुस्तकात बेथलेहेमजवळ पाहिलेला असा प्रसंग नोंदवला आहे. दोन मेंढपाळांचे कळप रात्री एका गुहेत मिसळले होते. सकाळी एक जण थोड्या अंतरावर जाऊन हाका देऊ लागला आणि एकेक करून त्याची सगळी मेंढरे त्याच्याकडे निघून गेली.  मेंढरे धन्याचा आवाज ओळखतात हे वाक्य भाविकाला काव्य वाटते. मेंढपाळाच्या लेखी तो रोजचा व्यवहार आहे. माळावर धनगराचा वाडा उतरलेला ज्याने पाहिला आहे त्यालाही यात नवे काही दिसणार नाही.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात नव्व्याण्णव रानात ठेवून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ आहे. हिशेबी माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण कळपातून फुटलेले मेंढरू स्वतः परत येत नाही. भेदरले की ते एका जागी बसून राहते, आणि पुष्कळदा चालतही नाही. म्हणून लूकाच्या गोष्टीत तो त्याला हाकत आणत नाही, खांद्यावर घेतो. रोमच्या भूमिगत दफनगृहांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी काढलेल्या चित्रांत क्रूसापेक्षा हा खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण कितीतरी जास्त वेळा दिसतो.

पुढे ख्रिस्ती धर्म शहरांत आणि मठांत पसरला, तेव्हा जनावरे पुस्तकात गेली. आरंभीच्या शतकांत ग्रीक भाषेत रचलेला ‘फिजिओलोगस’ नावाचा ग्रंथ युरोपभर भाषांतरित झाला आणि मध्ययुगातल्या प्राणिग्रंथांचा मूळ आधार ठरला. त्यात सिंहिणीला मेलेले छावे होतात आणि तिसऱ्या दिवशी सिंहाच्या फुंकरीने ते जिवंत होतात. हे पुनरुत्थानाचे चिन्ह. पाणकोळी आपली छाती फोडून रक्ताने पिल्लांना जगवतो; हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे. चित्रे सुंदर निघाली, वेदीवर कोरली गेली. पण यातले काहीही कोणी पाहिलेले नव्हते. जनावर पाहायचे सोडून अर्थ काढण्याची घाई झाली की असे होते, आणि या ग्रंथांतून कोणत्याही खऱ्या सिंहाला किंवा पाणकोळ्याला काडीचा उपयोग झाला नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या थोर धर्मपंडितानेही जनावरांशी क्रूरपणे वागू नये याचे मुख्य कारण दिले ते असे, की त्या सवयीने माणूस माणसांशीही क्रूर होतो. जनावराच्या वेदनेचा मुद्दा बाजूलाच राहिला.

त्याच शतकाच्या आरंभी असिसीचे संत फ्रान्सिस मात्र परत खऱ्या जनावरांपाशी आले. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस सांगतात की ते वाटेवरचे किडे पायदळी येऊ नयेत म्हणून उचलून कडेला ठेवत, आणि थंडीत मरू नयेत म्हणून मधमाश्यांसाठी मध आणि द्राक्षारस ठेववत. कापायला बाजारात चाललेल्या दोन कोकरांच्या बदल्यात त्यांनी अंगावरचा झगा देऊन टाकल्याची नोंद आहे. १२२३च्या नाताळात ग्रेचो या डोंगरी गावी त्यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले आणि तिथेच उपासना झाली. खरे तर येशूच्या जन्माच्या वृत्तांतात बैलाचा वा गाढवाचा उल्लेख नाही. ते आले यशयाच्या पुस्तकातून, जिथे बैल धन्याला ओळखतो, गाढव आपली गव्हाण ओळखते, पण प्रजा देवाला ओळखत नाही, अशी तक्रार आहे. वसईत आणि गोव्यात डिसेंबरात घरोघरी जो गोठा मांडतात त्याचे नाते या ग्रेचोच्या रात्रीशी आहे. मातीच्या त्या दोन जनावरांमागे संदेष्ट्याचा टोमणा आहे, हे मांडणाऱ्या मुलांना बहुधा कोणी सांगत नाही.

जनावरांच्या वेदनेला स्वतंत्र वजन मिळाले ते अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये, आणि तेही सहजासहजी नाही. शिपलेक गावचे धर्मगुरू जेम्स ग्रेंजर यांनी १७७२मध्ये नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो या नीतिसूत्रावर प्रवचन केले. मंडळी चिडली. व्यासपीठावरून कुत्र्या-घोड्यांची नावे घेणे म्हणजे त्या जागेचा अपमान, असा सूर निघाला. प्रवचन छापताना ग्रेंजर यांनीच तसे लिहून ठेवले आहे. चारच वर्षांनी हम्फ्री प्रायमॅट या दुसऱ्या धर्मगुरूने अख्खे पुस्तक लिहून सांगितले की दुःख ते दुःखच, मग ते माणसाला होवो की जनावराला. हे पुस्तक आर्थर ब्रूम या धर्मगुरूच्या मनात रुजले. १६ जून १८२४ रोजी लंडनच्या एका कॉफीगृहात त्याने बोलावलेल्या बैठकीतून प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी जगातली पहिली टिकाऊ संस्था उभी राहिली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स त्या बैठकीत होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूमला तुरुंगही पाहावा लागला. बायबलमधल्या एका ओळीचे कायद्यात आणि तपासनिसांच्या कामात रूपांतर होते ते असे, आणि त्याची किंमत कोणालातरी मोजावी लागते.

विसाव्या शतकात मेंढरांच्या दाखल्यावर सर्वाधिक वाचले गेलेले लेखन कदाचित फिलिप केलर यांचे असेल. जन्म केनियातला, पुढे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वतः मेंढ्या पाळल्या. तेविसाव्या स्तोत्रावरचे त्यांचे पुस्तक १९७०मध्ये आले. त्यात उताण्या पडलेल्या मेंढीचे वर्णन आहे. अंगावर भरपूर लोकर असलेली जाड मेंढी खोलगट जागी कुशीवर निजते, कलंडते आणि पाठीवर पडते. चारही पाय हवेत, उठता येत नाही. पोटात वायू साचतो, पायांतले रक्त आटत जाते, आणि ऊन असेल तर काही तासांत ती मरते. मेंढपाळाने तिला कुशीवर वळवायचे, पायांवर उभे करायचे, पाय चोळायचे, आणि ती लटपटत दोन पावले टाकेपर्यंत धरून ठेवायचे. माझा जीव पुन्हा ताजातवाना करतो असे स्तोत्रकर्ता म्हणतो, तेव्हा हेच हात त्याच्या मनात होते, असे केलर यांचे म्हणणे. मूळ हिब्रू कवीच्या मनात नेमके काय होते हे सांगता येणे कठीण. पण वर्णन खऱ्या मेंढीचे आहे, आणि भाविक वाचकाला धरून ठेवते ते त्यामुळेच. धष्टपुष्ट मेंढीच जास्त वेळा उताणी पडते, हा तपशील सुखवस्तू भाविकांसाठी केलर यांनी मुद्दाम अधोरेखित केला.

या वाटेने जाणाऱ्यांनी एक कुंपण मात्र ओळखलेले बरे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने जनावरांना विनाकारण दुःख देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटले, त्यांच्याशी ममतेने वागणे हे माणसावरचे ऋण मानले, आणि त्याच दमात बजावले की माणसांच्या हालअपेष्टा दूर करायला जो पैसा जायला हवा तो जनावरांवर उधळू नये. पाळीव कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापणाऱ्या शहरांत हे वाक्य अप्रिय होईल, पण ते रास्त आहे. दुसऱ्या बाजूने पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वाटेत पडलेल्या गाढवाचा आणि घरट्यातल्या पक्षिणीचा नियम पुन्हा वर काढला. माणसाला पृथ्वीवर दिलेली सत्ता म्हणजे मनमानीचा परवाना, असा अर्थ बायबलमधून काढता येत नाही, हे दाखवायला त्यांना हेच जुने, गोठ्यातले नियम उपयोगी पडले.

जनावरांसाठी आशीर्वाद मागण्याची प्रथाही या सगळ्याबरोबर चालत आली आहे. संत अंथनी मठाधिपती यांच्या सणाला, १७ जानेवारीला, इटली आणि स्पेनमधल्या गावांत लोक घोडे, गुरे, कुत्री घेऊन चर्चसमोर जमतात. इतरत्र ४ ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिस यांचा दिवस, अधिक रूढ आहे. कॅथलिक चर्चच्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात जनावरांसाठी स्वतंत्र विधी दिलेला आहे. गोठ्यात म्हैस, अंगणात कोंबड्या किंवा दाराशी कुत्रा असलेल्या कुटुंबाने आपल्या धर्मगुरूंना त्याविषयी जरूर विचारावे. आणि त्याआधी दावणीची बादली भरलेली आहे ना, तेही पाहावे.